लाथ नेमकी कधी बसते? : एका पहिलारू देवणी गाईचं प्रकरण

फोनवरची मागणी अगदी साधी होती. "डॉक्टर, ते पान्ह्याचं इंजेक्शन घेऊन या. गाय जवळ बसू देईना झालीय."

लातूर जिल्ह्यातलं, उदगीरच्या बाजूचं गाव. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि नववीतली नात. कोरडवाहू पाच एकर, त्यात तूर नि सोयाबीन. गोठ्यात एक बैलजोडी आणि ही एक गाय. म्हणजे दूधधंदा नव्हे. घरचा चहा, दही-ताक, आणि उरलंच तर शेजारी लिटरभर रतीब. गाय घरच्याच गाईची कालवड, पहिल्यांदा व्यालेली, नाव चांदणी. देवणीत रंगावरून तीन प्रकार लोक ओळखतात: वानेरा, बालंक्या आणि शेवरा. चांदणी वानेरा, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. खाली कालवडच होती, १९ दिवसांची, चांगली दणकट.

आता एक कबुली. हा मला आलेला दुसरा फोन होता. पहिला गाय व्याल्यानंतर आठव्या दिवशी आला होता. तेव्हा मी दुसऱ्या गावात एका म्हशीचं अडलेलं रेडकू काढत होतो. खांद्यापर्यंत हात माखलेले, फोन कुणीतरी कानाला धरलेला. मी म्हणालो, "पहिलारू आहे, नाचणारच. आठ दिवसांत सवय होईल." पहिलारू गाईंच्या बाबतीत हे वाक्य दहात सात-आठ वेळा खरं ठरतं, म्हणूनच ते तोंडात बसलेलं असतं. या वेळी ते खोटं ठरलं आणि त्यात ११ दिवस गेले. त्या ११ दिवसांत गाईच्या मागच्या पायांना नायलॉनची दोरी आली, पाठीवर दोनदा काठी बसली (हे मुलानं सांगितलं नाही, नातीनं सांगितलं) आणि पितळी चरवीला दोन पोचे पडले.

देवणी हे तसं शांत जनावर. शेतीला बैल आणि घराला दूध अशा दोन्ही कामांसाठी जोपासलेली ही जात आहे. पोरंसोरं पोटाखालून जातात, गाय मान वळवून बघते, बस्स. तेव्हा 'देवणी लाथ मारते' हे ऐकूनच माझे कान टवकारायला हवे होते. खिलार असती तर गोष्ट वेगळी.

बघत बसलेली संध्याकाळ

गेल्या गेल्या मी काही केलं नाही. धार काढायची वेळ झालीच होती. म्हटलं, रोज करता तसं करा, मी त्या बाजेवर बसतो. जनावर लाथ मारतं, ही तक्रार झाली. लाथ कधी मारतं, यात निम्मं निदान असतं. पाण्याचा हात कासेला लागताच गाय नाचली तर भीती किंवा गुदगुल्या. पहिलारूला ते सगळं नवीनच असतं. ठरावीक सडाला हात गेल्यावर मारली तर तिथं दुखतंय. चार-पाच मिनिटं गुमान उभी राहून मग पाय झाडला, तर बहुधा आंबोण संपलेलं असतं किंवा दूध संपलेलं असतं आणि माणूस उगाच ओढत असतो.

चरवीचा आवाज झाला तशी चांदणीनं कडब्यातून तोंड काढलं. कान मागे. मुलगा डाव्या अंगाला उकिडवा बसला. हौदातलं गार पाणी कासेवर मारलं. पौष महिना, अंधारायला लागलेलं. गाय शहारली, पण लाथ नाही. वासराला दोन मिनिटं लावलं, ओढून बाजूला बांधलं. मग त्यानं पहिल्या धारेच्या दुधानं दोन बोटं ओली केली, लांबच्या बाजूचे दोन सड धरले आणि सुरुवात केली. तिसऱ्या पिळ्याला उजवा पाय पुढून आडवा आला आणि चरवी गेली. गाय घोड्यासारखी सरळ मागे लाथ मारत नाही. पाय आधी पुढे घेते आणि बाहेरून गोल फिरवते. बसलेल्या माणसाच्या मनगटाला किंवा गुडघ्याला लागते ती याचमुळे.

त्यानंतर तिनं कुठल्याच सडाला हात लावू दिला नाही. दोरी आली, शिव्या आल्या, दहा मिनिटं झटापट झाली आणि शेवटी चरवीत जेमतेम पाऊण लिटर. आजी म्हणाली, "पान्हा चोरतेय बघा, लबाड."

चोरत नव्हती. पान्हा म्हणजे काय हे एकदा समजून घेतलं की हा आरोप टिकत नाही. वासरानं ढुशी दिली, सड ओढला की त्याची जाणीव मेंदूपर्यंत जाते, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, आणि ते कासेत पोचलं की दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळून दूध खाली ढकलतात. याला मिनिटभर लागतं आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. गाय घाबरली किंवा तिला दुखलं की ॲड्रिनॅलिन सुटतं आणि ते हे सगळं अडवतं. त्यातून देशी गाईच्या कासेत सडाच्या वर साठून राहणारं दूध थोडं. बहुतेक दूध वरच्या पिशव्यांतच असतं, पान्हा सुटल्याशिवाय खाली येत नाही. दहा मिनिटं झटापट झाल्यावर राहिलेलं दूध काढायचा मार्ग तिच्याही हातात नव्हता.

चार सड, एकेक करून

अंधार पडल्यावर बॅटरी लावून तपासणी केली. नातीला डोक्याशी उभं केलं, हातात गुळाचा खडा. मुलानं शेपूट बुडाशी धरून सरळ वर उचलली. पिळायची नाही, वाकवायची नाही, नुसती ताठ वर. एवढ्यावर बऱ्याच गाई पाय उचलायचा विचार सोडून देतात. ताप १०१.६, म्हणजे नव्हताच. कासेवर जराशी सूज, पहिलारूला असते तेवढी. गरम नाही, दगडासारखी टणक नाही.

मग प्रत्येक सड सुटा, माझ्या हातानं. डावा पुढचा, काही नाही. डावा मागचा, काही नाही. उजवा पुढचा, कातडी थरथरली. उजव्या मागच्याला हात गेला आणि तिनं अंगाचा सगळा भार डाव्या पायावर घेतला. लाथेच्या आधीची ही खूण. पायापेक्षा पुठ्ठ्याकडे लक्ष ठेवलं तर सेकंदभर आधी कळतं.

सड समोरून चांगला दिसत होता. मी तो बोटानं वळवून मागून बघितला. मधोमध आडवी चीर, गव्हाच्या दाण्याएवढी, कडा कोरड्या, तळ लाल. रोज धार काढणाऱ्यानं ती पाहिली नव्हती, कारण तो बसायचा त्या जागेवरून ती दिसणं शक्यच नव्हतं. आणि चीर का पडली हे मी तासाभरापूर्वी बाजेवरून बघितलंच होतं. मुलगा अंगठा मुडपून पिळत होता. अंगठ्याचं पेर सडावर रुततं, त्यावर बोटं दाबली जातात आणि सड खाली ओढला जातो. डाव्या बाजूला बसून उजवा मागचा सड गाठायचा तर तो स्वतःकडे खेचावाच लागतो, मग ते पेर रोज एकाच जागी. त्यात दुधाचा ओला हात, वर पौषातला कोरडा वारा. आपले ओठ फुटतात तसे सडही फुटतात. त्यावर वासराचे दात. वासरू खालचे दात घेऊनच जन्माला येतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घेतल्या. गाठी नाहीत, पाणी नाही, रक्त नाही. चार खणांच्या पॅडलमध्ये सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे कासदाह ओळखायची दुधाची चाचणी) केली: प्रत्येक खणात थोडं दूध, तेवढंच द्रावण, आणि गोल हलवायचं. तीन खण पातळ राहिले. चौथा, उजव्या मागच्याचा, किंचित बुळबुळीत झाला आणि हलवणं थांबवल्यावर पुन्हा पसरला. म्हणजे कासदाह अजून झालेला नव्हता, पण त्या वाटेला लागलेला होता. चीर आणि अर्धवट काढलेलं दूध, जंतूंना आणखी काय लागतं?

"म्हणजे इंजेक्शन नाही?" मुलाचा प्रश्न.

शेजारच्यानं त्याला ऑक्सिटोसिनची बाटली देऊ केली होती. मी म्हटलं, त्यानं पान्हा सुटेल, पण चीर बुजणार नाही आणि लाथही थांबणार नाही. रोज टोचत राहिलास तर तिच्या अंगाला आपला आपण पान्हा सोडायची सवयच राहायची नाही. शिवाय दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. कायद्याचं त्याला फार काही वाटलं नाही. पहिलं मात्र पटलं.

दूध नको, असं ठरवल्यावर

औषध थोडंच दिलं. दुखणं उतरायला तीन दिवस मेलॉक्सिकॅम. चिरेवर धार काढून झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन आणि ग्लिसरीन. प्रतिजैविक नाही, पाच दिवसांनी सीएमटी पुन्हा करून ठरवायचं. (घरात डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध होतं, माणसांसाठी आणलेलं. तेच चालेल का, असं आजीनं विचारलं. जनावरांना ते द्यायला २००६ पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. आजी म्हणाली, तिच्या लहानपणी माळावर बसलेली असायची, हल्ली दिसत नाहीत खरी.)

मेलॉक्सिकॅममुळे सांगावं लागलं, की औषधाचे दिवस आणि त्यापुढं बाटलीवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत हे दूध घरात वापरायचं नाही. चेहरे पडले. पण या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर या सक्तीचा. दूध नकोच म्हटल्यावर घाई संपली. चरवी भरली पाहिजे, रतीबवाला दारात उभा आहे, शाळेची वेळ झालीय, हे सगळं त्या गोठ्यातून आठवडाभर बाहेर गेलं. वासराला डाव्या अंगाला लावायचं, फुटलेल्या सडाकडे तोंड गेलं की नातीनं त्याला मागं घ्यायचं, पुढचे-मागचे तीन सड त्यानं प्यावेत. माणसानं फक्त उजवा मागचा सड मोकळा करायचा, तोही सगळ्यात शेवटी, पान्हा पूर्ण सुटल्यावर.

कोणी, हा प्रश्न होता. आजीचा हात जुना, पण दिवाळीत मनगट मोडलेलं. मुलाला गाय ओळखून होती. तो नुसता उंबऱ्यात आला तरी कान मागे जायचे. राहिली सून. तिनं जन्मात धार काढली नव्हती. पण रोज कडबा टाकणारी, पाणी दाखवणारी, शेण काढणारी तीच होती. आजीचं तोंड वाकडं झालं, "हिला काय जमायचंय!" मी म्हटलं, हिला काही येत नाही हेच चांगलं आहे. जुनी खोड मोडण्यापेक्षा कोरा हात शिकवणं सोपं.

रबरी हातमोज्यात पाणी भरलं, एका बोटाला टाचणीनं भोक पाडलं आणि ओट्यावर बसून तिला मूठ शिकवली. अंगठा आणि पहिलं बोट यांनी वर कडं करून दूध वर जायची वाट बंद करायची, मग एकेक बोट खाली मिटत यायचं. ओढायचं नाही, फक्त मिटायचं. हात कोरडा. नखं कापलेली. पहिल्यांदा तिनं ओढलं नि मोजा फाटला. तिसऱ्या मोज्याला धार सरळ पडली.

जागाही बदलली. नेहमीच्या खुंट्यावर न बांधता बाहेर चिंचेखाली, बसायचं उजव्या अंगाला, चरवीऐवजी प्लास्टिकचा मग, पाणी कोमट. कासेला थेट हात घालायचा नाही. आधी मानेवर, मग पाठ, पुठ्ठा, मांडी, तिथून खाली, आणि एकदा लावलेला हात उचलायचा नाही. डोकं तिच्या कुशीला टेकवून बसायचं. जवळ बसलं की लाथेला जोर घ्यायला जागा उरत नाही आणि भार बदलला की तो कपाळालाच कळतो. गाईनं पाय उचलला तर सडावरचा हात हलका करायचा पण काढून घ्यायचा नाही. लाथ उगारली की माणूस उठून जातो, हे गाय दोन दिवसांत शिकते.

दोरीबद्दल लोक मला नेहमी विचारतात. मी तिच्या विरुद्ध नाही. सुती दोरी, गुडघ्याच्या वर, आठाच्या आकड्यात, सैल; घाबरलेल्या माणसाला तेवढ्यानं धीर येतो आणि त्याचा हात मऊ पडतो. पण इथं नायलॉननं कातडी सोलली होती. ती दोरी मी खुंटीला टांगायला लावली.

नातीला वहीत दोन रकाने करून दिले: सकाळ, संध्याकाळ. लाथा मोजायच्या. नुसता पाय उचलला ती लाथ धरायची नाही. सकाळचे आकडे असे होते: पहिल्या दिवशी १४, मग १२, १३, ७, ५, ५, २, १. तिसऱ्या दिवसाचे १३ बघून सुनेला रडू आलं होतं, हेही नातीनं समासात लिहिलं होतं. पाचव्या दिवशी मी जाऊन आलो. चिरेला खपली, सीएमटीचे चारही खण पातळ. सातव्या दिवशी गाईनं सुनेच्या खांद्यावर हनुवटी टेकवली म्हणे. मी बघितलं नाही.

नवव्या दिवसाची गडबड

नवव्या दिवशी आकडा होता १०.

मी फोनवर सगळं विचारलं: चीर उघडली का, आंबोण बदललं का, गोमाश्या आहेत का. सगळ्याला नाही. बऱ्याच वेळानं नातीनं हळूच सांगितलं, आईला कावळा शिवलाय. आजीच्या घरात त्या दिवसांत बाईनं गाईला हात लावायचा नाही. म्हणून मुलानं धार काढली होती.

त्या चालीवर मला जे वाटतं ते वाटतं, पण मी गाईसाठी बोलावलेला माणूस. आजीशी त्यावर वाद घातला असता तर दुसऱ्या दिवशी मलाही गोठ्यात पाऊल ठेवता आलं नसतं. एवढंच विचारलं, की दर महिन्याला तीन-चार दिवस हे असंच होणार असेल तर दुसरा हात तयार नको का? तोडगा आजीनंच काढला, आणि तो माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हता: सुनेचं रोजचं लुगडं मुलानं अंगावर घ्यायचं. खेड्यात ही युक्ती जुनी आहे. गाय माणसाला वासानं आणि आकारानं ओळखते.

दहाव्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. सहा फुटी मिशाळ गडी डोक्यावरून निळं लुगडं घेऊन गाईजवळ बसला होता आणि नात तोंडात ओढणी कोंबून हसत होती. चांदणीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. कान पुढे आले. त्यानं पाठीवरून हात खाली आणला, ती उभी राहिली. कोमट पाणी, उभीच. पहिले तीन सड त्यानं पिळले, तरी उभी. मग उजव्या मागच्याला हात गेला, आणि पाय आला.

मी त्याचा हात बघत होतो. अंगठा मुडपलेला होता.

लुगड्यानं माणूस बदलला होता, हात तोच होता. चीर तर केव्हाच बुजली होती. दुखत काही नव्हतं. पण त्या पेरानं त्या जागी दाबलं की पुढं काय होतं, हे गाईला ठाऊक होतं. आधीच्या ११ दिवसांत तिनं ते दिवसातून दोनदा शिकलं होतं. चीर बुजायला आठवडा लागला. शिकलेलं पुसायला त्याहून जास्त दिवस लागणार होते. मुलाच्या हातात मी पाणी भरलेला मोजा दिला. तिशीतला माणूस, लहानपणापासून अंगठ्यानंच पिळत आलेला. पाच मोजे फोडले. शेवटी सुनेनंच लांब उभी राहून सांगितलं, "अंगठा मोडू नका, मुठीत फळ धरल्यासारखं धरा." ते त्याला कळलं. माझं नव्हतं कळत.

तेराव्या दिवसापासून त्यानं लुगड्याशिवाय बसायला सुरुवात केली. आकडे ४, ४, २, ३, १. मध्येच एकदा ६, त्या दिवशी गल्लीत लग्नाचा डीजे होता.

पुढं

व्याल्यानंतर दोन महिन्यांनी मी गावात लसीकरणाला गेलो तेव्हा डोकावलो. दोन्ही वेळचं मिळून साडेतीन-चार लिटर निघत होतं, वासराचं सोडून. उजवा मागचा सड बाकीच्यांइतकाच भरत होता. धार पुन्हा गोठ्यात, पण बसायचं उजव्याच अंगाला. गार हात लागला तर चांदणी अजून पाय उचलते आणि परत ठेवते. आजीचं मनगट जुळलंय, तिनं एकदा बसून पाहिलं. तिचाही अंगठा मुडपलेला, त्यामुळे गाईनं तिलाही पाय दाखवला. तेव्हापासून आजी फक्त आंबोण ठेवते आणि सुनेच्या हातावर लक्ष ठेवते.

चरवीचे पोचे तांबटाकडून काढून घेतलेत, पण एकाची खूण राहिली आहे. नातीची वही मी मागून घेतली. २७ व्या दिवशी ती थांबते, कारण परीक्षा जवळ आली होती. शेवटची नोंद अशी: सकाळ ०, संध्याकाळ ०, पण शेपूट बाबांच्या तोंडावर मारली, ती धरायची का?